मेणावरचं कुंकू

दसरा जवळ आला की हल्ली आमच्या घरात खोकी यायला लागतात. नातसून बसल्या जागी मोबाइलवर बोट फिरवते आणि तिसऱ्या दिवशी दारात खोकं हजर. यंदा भिंतीएवढा टीव्ही आला. चित्र काय विचारू नका, माणसाच्या गालावरची लव दिसते. पण आवाज? विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा. शेकडो जणांनी म्हणे तो चांगला म्हणून लिहिलं होतं. नातू म्हणतो, "आजी, ते सगळे पैसे घेऊन लिहितात." दुरुस्तीचा माणूस यायचा होता, तर या पठ्ठ्याने आधी टीव्हीच्या पाठीमागे वाकून सगळ्या नंबरांचे फोटो काढून ठेवले. का रे बाबा? तर, "आतलं काही बदललं-बिदललं तर आपल्याला कळायला नको?"

मी झेंडू ओवत होते. सुई तशीच हातात राहिली.

आश्विनातलं ऊन हे असंच असतं, माणसाला संशयी करणारं. पाऊस गेलेला असतो पण गेला असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. दुपारी अंगाची लाही आणि पहाटे पायाशी गोधडी शोधायची. आमच्या बदलापूरकडे भात पिवळं पडलेलं असायचं आणि सासूबाई रोज सांजेला आभाळाकडे अशा बघायच्या, जसं काही तिथे कुणी चोर लपलाय. ढगाचा एक तुकडा दिसला तरी म्हणायच्या, "त्याचा काय भरवसा नाय."

सासूबाईंचा कुणाचाच भरवसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर आम्हा कुणाचाच कुणावर नव्हता. आता लोक म्हणतात, तेव्हाची माणसं साधी, विश्वासाची. कसली विश्वासाची! दळण टाकून गिरणीतून घरी आलेली एक बाई दाखवा. तिथेच उभं राहायचं, आपलेच गहू दगडात पडतात ना ते बघायला. सोनाराकडे पाटली वाढवायला दिली तर त्याच्या समोर बसून राहायचं, तहान लागली तरी उठायचं नाही. कल्हईला भांडी द्यायची ती नाव घातलेलीच. माझ्या रुखवतातल्या पळीवरसुद्धा नाव होतं, एवढीशी पळी! ही खूण करण्याची रीत आमच्या हाडात मुरलेली. त्या रीतीनेच आमचा घात केला.

तेव्हा आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली तुळस. आमचे हे यंत्रशाळेत होते. हाताखाली माणसं नव्हती, पण यंत्राचं काही निघालं की बोलण्यात असा रुबाब, जसं विलायतेहून शिकून आलेत. माझ्या लग्नाला तीन वर्षं झालेली. स्वातंत्र्यानंतरची आठ-नऊ वर्षं धरा. वसाहतीत चार-पाच घरांत रेडिओ आला होता. संध्याकाळी त्या घरांच्या खिडक्यांखाली बायका भाजी निवडायला बसायच्या. कुणी 'बसू नका' म्हणायचं नाही, पण आवाज थोडा कमी व्हायचा. तेवढं कळायचं आम्हाला.

म्हणून त्या दसऱ्याला रेडिओ घ्यायचाच, असं यांनी ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये टहिलराम नावाच्या सिंध्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, लष्कराच्या जुन्या बराकीचा एक तुकडा. पुढे काचेचं कपाट, मागे पडदा, पडद्यामागे त्याचं बिऱ्हाड. माणूस चाळिशीचा, उंच, पांढरा पायजमा, बोलणं मऊ. सिंधमध्ये त्याचं रेडिओचंच दुकान होतं म्हणायचा. त्यावर आमच्याकडे लोक म्हणायचे, तिकडे प्रत्येकाचंच मोठं दुकान होतं! हेही संशयाचंच बोलणं. आता आठवलं की लाज वाटते.

त्या दुकानातली दुपार मला अजून दिसते. पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या पाच नळ्या असलेला, चकाकत्या लाकडाचा रेडिओ. बटण फिरवलं की आधी काहीच नाही, मग आत काहीतरी हळूहळू उजाडल्यासारखं व्हायचं, तापलेल्या काचेचा आणि धुळीचा वास यायचा, आणि एकदम बाईचा गाता आवाज, इतका जवळ की मी पदर सावरला. हे माझ्याकडे बघून हसले. टहिलराम म्हणाला, "बहनजी, ये घर में लक्ष्मी है." सासूबाई मागून पुटपुटल्या, "लक्षुमी इकायला बसलाय, स्वताकडं कशाला नाय ठेवत?"

रेडिओ घरी आला. छपरावर बांबूला बांधून तारेची जाळी चढवली. दुसरी तार जमिनीत, ओलसर मातीत पुरायची होती. आमच्या अंगणात बारा महिने ओली माती एकच, तुळशीची. त्यावरून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "माजे तुलशीला ईज लावतंस? जलून जाल ती!" शेवटी तुळशीपासून वीतभर लांब खड्डा केला आणि मी रोज तिथेही तांब्याभर पाणी घालू लागले. सासूबाई रोज सकाळी आधी तुळशीची पानं मोजल्यासारखी बघायच्या, मग चहा.

दसऱ्याला रेडिओला झेंडूचा हार घातला, कुंकवाचं बोट लावलं. शेजारच्या कमळाबाई आल्या, वसाहतीतली आणखी माणसं आली. संध्याकाळचे सात वाजले. यांनी बटण फिरवलं.

आवाज आला, आणि बसला. बसला म्हणजे कसा, दम्याच्या माणसाला जिना चढून आल्यावर बोलायला लावावं तसा. यांनी बटण पूर्ण फिरवलं. खरखर वाढली, गाणं नाही. माणसं पाच-दहा मिनिटं बसली. कमळाबाईंचे यजमान म्हणाले, "छान आहे हो लाकूड." लाकूड!

पुढे आठ दिवस तेच. दुपारी मी एकटी असताना लावला तर बरा गायचा. हे कामावरून आले, हातपाय धुऊन समोर बसले की गळा धरायचा. मग यांचा संशय माझ्यावर. "दुपारी काय काय फिरवतेस?" मी म्हणायची, "मी हातसुद्धा लावत नाही." सासूबाई म्हणायच्या, "तुज्यावर रुसतो तो."

हे दुकानात जाऊन आले. टहिलराम म्हणाला होता, "साईं, शाम को आपके यहाँ बिजली बैठती है. सब घर में एकदम बत्ती जलती है ना. रेडिओ में कुछ नहीं." हे घरी येऊन हसले. "म्हणे वीज बसते! दिवा लागतो ना आपला? मग वीज आहे का नाही? मी काय यंत्रं बघत नाही रोज?"

दोन-तीन वर्षांनी वसाहतीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि आमचा रेडिओ संध्याकाळीही असा खणखणीत गायला लागला की शेजारी भिंत ठोकायचे. म्हणजे माणूस खरंच बोलला होता. पण खरं बोलणं स्वस्त वाटतं हो कानाला. खोटं कसं नटूनथटून येतं.

त्या आठवड्यात मात्र खरं काय ते कमळाबाईंनीच सांगितलं, असं आम्ही धरून चाललो. त्या ओट्यावर येऊन बसल्या, आवाज खाली घेतला. "यशोदे, तुला म्हणून सांगते. त्या कॅम्पात लष्कराच्या भंगारातले जुने व्हॉल्व्ह ढिगांनी पडलेत. दुकानात दाखवताना नवे घालतात, गिऱ्हाईक पैसे मोजेपर्यंत आत जुने."

"पण कळायचं कसं?"

"खूण कर की. भांड्यावर नाव घालतेस ना? रेडिओ दुरुस्तीला टाका, व्हॉल्व्हना खूण करून. चांगले काढून घेतले तर हातात सापडेल."

आता काचेवर नाव कसं घालायचं? शाई राहीना. खडू पुसला जाई. तेव्हा आम्ही बायका कपाळावर आधी मेणाचं बोट लावायचो आणि वर पिंजर, म्हणजे दिवसभर कुंकू हलायचं नाही. माझी मेणाची डबी फडताळातच होती. यांनी पेचकसाने मागचा पुठ्ठा उघडला आणि मी पाचही व्हॉल्व्हच्या डोक्यावर मेणाचा ठिपका देऊन वर कुंकू दाबलं. पाच काचेच्या बायका ओळीने बसल्यासारख्या दिसत होत्या. हे म्हणाले, "शाब्बास! हे डोकं कारखान्यात हवं होतं." तीन वर्षांत पहिल्यांदा यांनी माझ्या डोक्याचं कौतुक केलं होतं. दिवसभर मला काही खावंसं वाटलं नाही.

रेडिओ गोधडीत गुंडाळून सायकलच्या मागे बांधला आणि हे कॅम्पात टाकून आले.

रविवारी आम्ही तिघंही आणायला गेलो. टहिलरामने तो मोठ्याने लावूनच ठेवला होता. "चार दिन से बज रहा है साईं, सुबह से शाम. देखो, कुछ नहीं इसको."

यांनी शांतपणे विचारलं, "आत काय काय बदललं?"

"कुछ नहीं. मैंने तो खोला भी नहीं."

हे आमच्याकडे वळले. ती नजर मी विसरणार नाही. मासा गळाला लागल्यावर माणूस वळतो ना, तशी. मग यांनी खिशातून पेचकस काढला, रेडिओ बंद केला, पुठ्ठा उघडला. पाचही व्हॉल्व्ह कोरे. कुंकवाचा ठिपका नाही.

"उघडलाच नाही ना? मग हिने हातांनी लावलेलं कुंकू गेलं कुठे?"

शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झाली. कापडवाला आला, पापडवाला आला. सगळी त्याचीच माणसं, पण गप्प. "कौनसा कुंकू, बहनजी?" टहिलरामने मला विचारलं, यांना नाही.

आणि मी बोलले. तोपर्यंत परपुरुषाशी मान वर करून बोलले नव्हते. म्हटलं, "माझ्या हाताने लावलंय. पाचांना. देवाशपथ." सासूबाईंनी मागून भर घातली, "आमी काय येडी हाव?"

त्याने वाद घातला नाही. हे आमच्या दृष्टीने आणखी वाईट. चोर नसता तर ओरडला असता! पडद्यामागे गेला, पाच नवी खोकी घेऊन आला, आमच्या समोर सील फोडून एकेक व्हॉल्व्ह घातला. जुने पाच एका वर्तमानपत्रात गुंडाळून यांच्या हातात दिले. "ये भी ले जाओ, वो भी ले जाओ." पडदा हलला. आत त्याची बायको उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

घरी आलो. सात वाजता रेडिओचा आवाज बसला.

"पाहिलंस?" हे म्हणाले. "नवे म्हणून दिलेले तेही तसलेच." मग वसाहतभर झालं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत झालं. दोन घरं दिवाळीला टहिलरामकडून रेडिओ घेणार होती, ती कल्याणला गेली. यांना वाटायचं, आपण लोकांना वाचवलं. मलाही वाटायचं. मी तर गोष्टीतली मुख्य बाई झाले होते! पाण्याच्या नळावर बायका मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. आणि मी दर वेळी थोडं मीठमसाला वाढवून सांगायची, हेही कबूल करते.

मग दिवाळीची झाडझूड निघाली. उन्हात डबे वाळत घातलेले, घरभर चुन्याचा वास, चकलीची भाजणी परातीत गार होत पडलेली. फडताळाच्या वरच्या फळीवरून ती व्हॉल्व्हची पुडी हाताशी आली. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, वाचायला शिकले ती अशाच पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळे कागद हातात आला की डोळे त्यावर जातातच. पण हा कागद सिंधी अक्षरांचा. उलटा धरला, सुलटा धरला, सारखाच. तो बाजूला सारला आणि व्हॉल्व्ह पुसायला घेतले.

एकाच्या बुडाशी बोट चिकटलं.

पालथा करून पाहिला. काच जिथे काळ्या बैठकीत बसते त्या खाचेत, आणि खाली पायांच्या मधे, विटकरी रंगाचं काहीतरी थिजलेलं. नखाने काढलं. वास घेतला. मेण. मेण आणि करपलेली पिंजर. दुसरा पाहिला, तिसरा. पाचही.

व्हॉल्व्ह तापतो. तापला की मेण वितळतं. वितळलं की खाली उतरतं. उन्हात ठेवलेल्या मेणाच्या डबीचं काय होतं हे मला माहीत नव्हतं का? रोज कपाळाला मेण लावणारी बाई मी! चार दिवस त्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेडिओ वाजवला आणि माझी खूण थेंबाथेंबाने उतरून बुडाशी जाऊन बसली. त्या दिवशी दुकानात सगळ्यांनी डोकी पाहिली, बूड कुणीच पाहिलं नाही. त्याने उघडला नव्हता. उघडला असता तर मेण त्यालाच दिसलं असतं.

हे घरी आले तेव्हा मी पाचही ओळीने मांडून ठेवले होते. सगळं सांगितलं. यांनी एक उचलला, पाहिला, ठेवला. "हे तुझंच कुंकू कशावरून?"

"अहो, माझंच आहे."

"कुंकू सगळ्या बायकांचं लालच असतं." आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. जरा वेळाने त्या कागदाआडून म्हणाले, "मी काही त्याला चोर म्हटलं नव्हतं. शब्द तोंडातून काढला नव्हता." ते खरं होतं. शब्द आम्ही कुणीच काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंकडे चकल्या पाडायला सात-आठ जणी जमल्या होत्या. मी व्हॉल्व्ह ओच्यात घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर पालथे करून दाखवले. एकेक जणी वाकून बघून गेली. तेल तापत होतं.

"अगं, त्यानेच मागून भरलं असेल," कमळाबाई म्हणाल्या. "हुशार असतात हो."

"कधी भरणार? आमच्यासमोर काढून दिले त्याने."

"तू किती भोळी!" दुसरी एक म्हणाली. आणि तिसरी, चकलीवरची नजर न काढता, "तुला काही दिलं-बिलं का त्याने?"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, काय करणार. पण तेव्हा कळलं. हातात पुरावा नव्हता तेव्हा माझ्या एका शपथेवर अख्ख्या वसाहतीने विश्वास ठेवला, आणि आता पुरावा हातात होता तर मीच खोटी. वाईट बोललेलं तोंडातून निघालं की त्याला पाय फुटतात. ते परत बोलवायला गेलं तर आपल्याला ओळखसुद्धा देत नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "मला कॅम्पात जायचंय. यांना सांगू नका." वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी पायांत वहाणा घातल्या. "एकली जाशील तं लोका काय बोलतील? चल."

बाजार दिव्यांच्या माळांनी भरलेला. टहिलरामच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो टेबलाशी बसून कसलीशी तार सोलत होता. आम्हाला पाहिलं आणि उठून उभा राहिला. आदर नव्हता तो. मांजर दिसल्यावर माणूस दूध उचलतो, तसं.

मी पुडी सोडली. "भाईसाब, ये हमारा ही था. मेण गल गया. चूक माझी." माझं हिंदी ते तेवढंच.

त्याने व्हॉल्व्ह हातात घेतला नाही. "अब क्या चाहिए?"

"काही नको. हे तुमच्याकडे ठेवा. तुमचे नवे आमच्याकडे आहेत ना."

तेव्हा त्याने हात पुढे केला. बूड पाहिलं, नखाने खरवडलं, वास घेतला. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल, जाऊ द्या बहनजी. पण नाही. त्याने एक जुना सेट ओढला, पाचांचेही पाय चिंधीने पुसले आणि एकेक लावून तपासू लागला. एक लावायचा, तापेपर्यंत थांबायचा, कान द्यायचा, काढायचा, दुसरा. मी मेलेले व्हॉल्व्ह त्याच्या गळ्यात मारायला आले असेन, असं त्याला वाटत होतं. का वाटू नये? सासूबाई कासावीस झाल्या, "चल गो, क्यवरा येल झाला!" मी म्हटलं, "होऊ दे." पाचही होईपर्यंत मी उभी होते. त्याचा तो हक्कच होता.

"पाँचों अच्छे हैं," तो म्हणाला. पाचही चिंधीवर ओळीने मांडले. मग म्हणाला, "आपने अम्बरनाथ में बताया?"

"सांगितलं. कुणाला पटलं नाही."

त्याने मान हलवली, जणू त्याला हे माहीतच होतं. "वहाँ का छोड़ो. उस दिन इस पूरी लाइन ने सुना. मेरे बाजूवाला कुछ बोलता नहीं, पर अपना सामान मेरे पास रख के नहीं जाता अब." त्याने खणातून एक कागद काढला. "लिख के दोगे?"

मी म्हटलं, लिहा, मी सही करते. तो लिहू लागला. लेखणी कागदाच्या उजव्या कडेला टेकली आणि डावीकडे निघाली. मी बघत राहिले. एकही अक्षर माझ्या ओळखीचं नाही. सात ओळी झाल्या. एवढं काय असेल त्यात? 'चूक माझी' एवढंच तर होतं. सासूबाईंनी माझा दंड धरला. "यशोदे, वाचल्याबिगर सही? काय बी लिवला असंल त्याना. घर लिवून घेतला असंल!"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. यांना न सांगता आलेली मी, परक्या बाजारात, परक्या लिपीच्या कागदासमोर. टहिलरामने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असणार. पडद्याआड भांड्याचा आवाज थांबला.

"पढ़ के सुनाऊँ?" त्याने विचारलं.

वाचून दाखवला असता तरी तेच लिहिलंय कशावरून?

"नको," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून लेखणी घेतली.